पेशी चमकल्या म्हणजे औषध सापडले का? ल्युसिफरेज रिपोर्टर चाचणी समजून घेताना

‘अमुक आजारावर नवे औषध प्रयोगशाळेत यशस्वी’ अशी बातमी येते, ती नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते आणि दुसऱ्या दिवशी ओपीडीत कुणीतरी मोबाइल पुढे करून विचारते, ‘डॉक्टर, हे आपल्याला कधी मिळेल?’ प्रश्न रास्त असतो. पण त्याचे उत्तर देण्याआधी ‘प्रयोगशाळेत यशस्वी’ म्हणजे नेमके काय झाले हे पाहावे लागते. अशा बातम्यांपैकी बऱ्याच बातम्यांच्या मुळाशी एकच प्रकारची चाचणी असते: पेशींमध्ये काजव्याचे जनुक घालायचे, त्यांच्यावर हजारो रसायने टाकायची आणि कुठे उजेड वाढतो किंवा मंदावतो ते पाहायचे. या चाचणीला ल्युसिफरेज रिपोर्टर चाचणी म्हणतात.

ही चाचणी अतिशय उपयुक्त आहे. आज वापरात असलेली काही औषधे तिच्यामुळेच सापडली. मात्र तिच्या उजेडाचा अर्थ लावताना तज्ज्ञांमध्येही वर्षानुवर्षे वाद झाले आहेत, आणि त्या वादांची झळ प्रत्यक्ष रुग्णांच्या कुटुंबांना बसली आहे. म्हणून ती थोडी समजून घेतलेली बरी.

पेशीतला निरोप आणि त्याला जोडलेला दिवा

आपल्या शरीरातील पेशी सतत एकमेकींना निरोप पाठवत असतात. एखादे हार्मोन किंवा प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहकाला, म्हणजे रिसेप्टरला, चिकटते. तो ग्राहक आतल्या दुसऱ्या प्रथिनाला चेतवतो, ते तिसऱ्याला, आणि असा निरोप शेवटी पेशीच्या केंद्रकात पोहोचतो. तिथे ठरावीक जनुके चालू किंवा बंद होतात. या साखळीला संदेशमार्ग म्हणतात. कर्करोगात असा एखादा मार्ग सतत चालू राहतो, काही आजारांत तो बंद पडतो, तर संधिवातासारख्या दाहाच्या आजारात तो गरजेपेक्षा जास्त पेटतो. त्यामुळे ‘हा मार्ग रोखणारे किंवा चालू करणारे रसायन शोधा’ हे औषध संशोधनातले एक मोठे काम आहे.

अडचण अशी की हा निरोप डोळ्यांना दिसत नाही. यावर युक्ती साधी आहे. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला आपण अलार्म बसवतो. पाणी वरपर्यंत आले की अलार्म वाजतो, वर जाऊन झाकण उघडावे लागत नाही. रिपोर्टर जनुक हा असाच अलार्म आहे. संदेशमार्ग जागा झाला की केंद्रकातली जी कळ दाबली जाते, त्याच कळीला शास्त्रज्ञ काजव्याच्या ल्युसिफरेज या विकराचे जनुक जोडतात. निरोप पोहोचला की पेशी ल्युसिफरेज बनवते. मग त्यात ल्युसिफेरिन हा पदार्थ घातला की ऑक्सिजन आणि एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जेचे चलन, यांच्या मदतीने पिवळसर हिरवा प्रकाश निघतो. तो इतका मंद असतो की साध्या डोळ्यांना दिसत नाही, पण ल्युमिनोमीटर नावाचे यंत्र तो अचूक मोजते.

जूनच्या सुरुवातीला भंडारदरा किंवा राजमाचीच्या परिसरात काजवे पाहायला गेला असाल, तर रासायनिक क्रिया तीच तुम्ही झाडांवर पाहिली आहे. प्रयोगशाळेत मात्र बहुधा उत्तर अमेरिकेतल्या फोटिनस पायरॅलिस या काजव्याचे विकर वापरले जाते. काजव्याच्या प्रकाशाला एटीपी लागते हे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या विल्यम मॅकएलरॉय यांनी 1947 मध्ये दाखवले. संशोधनासाठी लागणारे काजवे पकडून आणणाऱ्या मुलांना ते पैसे देत असत. 1985 मध्ये या विकराचे जनुक वेगळे करण्यात आले आणि त्यानंतर काजवे पकडण्याची गरज संपली. आता ते जनुक कोणत्याही पेशीत घालता येते.

हजारो रसायने एकाच वेळी कशी तपासतात?

तळहाताएवढी प्लास्टिकची एक प्लेट असते. तिच्यात 96, 384 किंवा 1536 छोटे खळगे असतात. प्रत्येक खळग्यात रिपोर्टर बसवलेल्या पेशी आणि एकेक वेगळे रसायन घातले जाते. हे काम रोबोट करतात. काही तासांनी किंवा एक दिवसाने प्रकाश मोजला जातो. काही खळग्यांत मुद्दाम काहीच घातलेले नसते आणि काहींत परिणाम आधीच माहीत असलेले औषध असते, म्हणजे तुलना करता येते. अशा रीतीने लाखो रसायने काही आठवड्यांत चाळून होतात.

‘चाळणे’ हा शब्द इथे अगदी बरोबर आहे. या टप्प्यावर कुणीही औषध शोधून काढलेले नसते. लाखो खड्यांतून शे-दोनशे बाजूला काढलेले असतात, इतकेच. त्यांना ‘हिट’ म्हणतात आणि बातमी बहुतेक वेळा इथूनच सुरू होते.

या पेशी कोणत्या असतात हेही लक्षात घ्या. त्या बहुधा प्रयोगशाळेत अनेक दशके वाढवलेल्या पेशींच्या वंशातल्या असतात. त्यांना यकृत नसते, मूत्रपिंड नसते, रक्ताभिसरण नसते. गोळी पोटात विरघळेल का, यकृत तिचे तुकडे करेल का, ती मेंदूपर्यंत पोहोचेल का, यातले काहीही प्लेटमधून कळत नाही. कळते ते एवढेच की या पेशीत, या प्रमाणात, हे रसायन घातल्यावर उजेड बदलला.

जिथे उजेड खरा निघाला: हेजहॉग मार्गाची गोष्ट

अमेरिकेतील आयडाहो राज्यात 1950 च्या दशकात काही मेंढ्यांना एकच डोळा असलेली कोकरे होऊ लागली. शोध घेतल्यावर कळले की गाभण मेंढ्या डोंगरावरची एक रानटी वनस्पती खात होत्या. तिच्यातल्या घातक द्रव्याला पुढे सायक्लोपामिन असे नाव मिळाले. ते गर्भात नेमके काय करते हे कळायला 1990 चे दशक उजाडावे लागले. ते ‘हेजहॉग’ नावाचा संदेशमार्ग रोखत होते. या मार्गाचे जनुक आधी फळमाशीत सापडले होते आणि ते शोधणाऱ्या शास्त्रज्ञांना 1995 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

गर्भात चेहरा, मेंदू आणि हातपाय घडवणारा हा मार्ग मोठ्या माणसात बराचसा शांत असतो. पण बेसल सेल कार्सिनोमा या त्वचेच्या कर्करोगात तो सतत चालू असतो. मग तो रोखणारे चांगले रसायन शोधायचे कसे? उंदराच्या पेशींमध्ये या मार्गाच्या शेवटच्या कळीला ल्युसिफरेज जोडण्यात आले. मार्ग चालू केला की पेशी उजळत. ज्या रसायनाने उजेड मंदावला, ते बाजूला काढायचे. अशा चाचण्यांच्या मदतीने निवडलेल्या आणि पुढे सुधारत नेलेल्या रेणूंमधून व्हिस्मोडेजिब हे औषध तयार झाले. 30 जानेवारी 2012 रोजी अमेरिकेच्या एफडीएने ते मंजूर केले. शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या, स्थानिक पातळीवर पसरलेल्या गाठी ज्या रुग्णांना होत्या, त्यांच्यापैकी 43 टक्के रुग्णांमध्ये आणि शरीरात इतरत्र पसरलेला आजार असलेल्यांपैकी 30 टक्के रुग्णांमध्ये मुख्य चाचणीत गाठ लक्षणीय आकसली. ज्या आजारावर आधी देण्यासारखे फारसे काही नव्हते, तिथे हे मोठे यश होते. भारतीयांमध्ये हा कर्करोग तुलनेने कमी दिसतो, त्यामुळे या औषधाचे नाव तुम्ही कदाचित ऐकले नसेल.

या यशाच्या गोष्टीतही दोन धडे आहेत. 2009 मध्ये मेड्युलोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाच्या एका 26 वर्षांच्या रुग्णाची हकीकत प्रसिद्ध झाली. औषधाने त्याच्या गाठी झपाट्याने विरघळल्या, पण काही महिन्यांतच आजार उलटला. गाठीतल्या पेशींमध्ये असा बदल झाला होता की औषध जिथे चिकटायचे तिथे ते चिकटेनासे झाले. हेच औषध मोठ्या आतड्याच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगातही देऊन पाहिले गेले. तिथे ते उपयोगी ठरले नाही. मार्ग रोखणे आणि आजार बरा करणे यांत अंतर असते, आणि ते अंतर किती आहे हे रुग्णांवरच्या चाचण्याच सांगतात.

दुसरा धडा दुष्परिणामांचा आहे. स्नायूंत पेटके येणे, केस गळणे, तोंडाची चव जाणे हे या औषधाचे नेहमीचे त्रास आहेत. चव ओळखणाऱ्या पेशी आणि केसांची मुळे हाच मार्ग वापरतात, त्यामुळे त्यातले काही त्रास औषध ‘बरोबर’ काम करत असल्याचेच परिणाम आहेत. गर्भारपणात तर ते पूर्णपणे वर्ज्य आहे. कारण कोकरांच्या बाबतीत पाहिलेच. स्त्रियांनी औषध थांबवल्यावरही 24 महिने गर्भधारणा टाळायची असते, आणि पुरुष रुग्णांनाही उपचारादरम्यान आणि नंतर काही काळ काळजी घ्यावी लागते. तुमच्या घरात कुणी हे औषध घेत असेल, तर ही सूचना हलक्यात घेऊ नका. औषध घेत असताना रक्तदानही करायचे नाही.

जिथे अलार्मच फसला: अटालुरेनचा वाद

आता थोड्या अवघड प्रकरणाकडे वळू. इथे संदेशमार्ग नाही, पण उजेड वाचण्याची पद्धत तीच आहे आणि धडा सगळ्याच ल्युसिफरेज चाचण्यांना लागू होतो.

ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे डीएमडी, हा मुलग्यांमध्ये होणारा स्नायूंचा आनुवंशिक आजार आहे. डिस्ट्रॉफिन हे प्रथिन बनत नाही, स्नायू हळूहळू झिजतात आणि मूल साधारण दहा-बारा वर्षांच्या आसपास व्हीलचेअरवर येते. यातल्या 10 ते 15 टक्के मुलांमध्ये दोष एका विशिष्ट प्रकारचा असतो. प्रथिनाची कृती अर्ध्यावर असतानाच जनुकात चुकीच्या जागी ‘थांबा’ अशी खूण येते. त्याला नॉनसेन्स म्युटेशन म्हणतात. पेशीला ती चुकीची खूण ओलांडून पुढे वाचायला लावता आले, तर प्रथिन बनू शकेल ही कल्पना सुंदर होती.

न्यू जर्सीतील पीटीसी थेरप्युटिक्स या कंपनीने काजव्याच्या ल्युसिफरेजच्याच जनुकात अशी चुकीची ‘थांबा’ खूण घातली. खूण ओलांडली गेली तरच पूर्ण ल्युसिफरेज बनणार आणि उजेड पडणार. सुमारे आठ लाख रसायने चाळून, सापडलेल्यांत सुधारणा करत अटालुरेन हा रेणू तयार झाला. 2007 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. डीएमडी असलेल्या उंदरांमध्येही त्याचा फायदा दिसल्याचे त्या निबंधात नमूद होते.

2009 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील, म्हणजे एनआयएचमधील, डग्लस ऑल्ड, जेम्स इंग्लीस आणि सहकाऱ्यांनी एक अस्वस्थ करणारी गोष्ट दाखवली. अटालुरेन काजव्याच्या ल्युसिफरेजला थेट चिकटते. पुढच्याच वर्षी ते कसे चिकटते याची रेणूपातळीवरची रचनाही त्यांनी मांडली. रेनिला या समुद्री प्राण्याचे वेगळे ल्युसिफरेज वापरून तीच चाचणी केली, तर उजेड वाढत नव्हता.

चिकटल्याने उजेड वाढेल कसा, तो कमी व्हायला हवा ना? इथे जरा थांबून समजून घ्या, कारण हीच गंमत सगळ्यांना चकवते. ल्युसिफरेज पेशीत फार काळ टिकत नाही, काही तासांत त्याचे तुकडे होतात. उन्हात ठेवलेल्या बर्फासारखे समजा. तो भुशात गुंडाळला तर उशिरा वितळतो. संध्याकाळी जास्त बर्फ शिल्लक दिसला म्हणून ‘कारखान्याने आज जास्त बर्फ बनवला’ असे म्हटले तर ते चुकेल. अटालुरेन ल्युसिफरेजला भुशासारखे जपत होते. शेवटी मोजणीसाठी जे द्रावण घालतात त्यात ल्युसिफेरिन आणि इतर घटक भरपूर असतात. त्यामुळे चिकटलेला रेणू बाजूला होतो आणि साठून राहिलेले सगळे विकर एकदम चमकते. म्हणजे टाकी भरली नव्हती तरी अलार्म वाजत होता.

कंपनीने हा आक्षेप मान्य केला नाही. ल्युसिफरेज नसलेल्या प्रयोगांतही परिणाम दिसतो असे तिचे म्हणणे राहिले. दुसरीकडे 2013 मध्ये स्कॉटलंडमधील डंडी इथल्या शास्त्रज्ञांनी अनेक प्रकारचे रिपोर्टर वापरून पाहिले आणि त्यांना ‘थांबा’ खूण ओलांडली जात असल्याचा पुरावा मिळाला नाही. माझ्या मते या वादातला सर्वात महत्त्वाचा भाग असा की प्लेटमधल्या उजेडाने तो मिटण्यासारखाच नव्हता. मुले किती चालू शकतात, यानेच तो मिटणार होता.

युरोपीय संघाने 2014 मध्ये, आणखी पुरावा द्यावा या अटीवर, या औषधाला सशर्त मान्यता दिली. पण मोठ्या चाचण्यांमध्ये सहा मिनिटांत चालून गेलेल्या अंतरातला फरक ठरवलेल्या मुख्य निकषावर सिद्ध झाला नाही. सिस्टिक फायब्रोसिसमधली चाचणीही 2017 मध्ये अपयशी ठरली. त्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीएने डीएमडीसाठीच्या अर्जावर मंजुरी नाकारली. मार्च 2025 मध्ये युरोपीय आयोगाने मान्यतेचे नूतनीकरण न करण्याचा निर्णय घेतला, कारण औषधाची परिणामकारकता निश्चित झाली नाही असे औषध संस्थेच्या समितीचे मत होते. औषध फार विषारी असल्याची तक्रार नव्हती, आणि काही पालकांना आपल्या मुलाची घसरण मंदावल्यासारखी वाटत होती. त्या पालकांची निराशा खरी आहे. ‘पुरावा पुरेसा नाही’ हे वाक्य कागदावर वाचायला सोपे असते, घरात ऐकायला नाही.

तुमच्या मुलाला डीएमडी असेल तर यातून काय घ्यायचे? जनुकीय तपासणीचा अहवाल जपून ठेवा आणि त्यात म्युटेशनचा प्रकार कोणता लिहिला आहे ते डॉक्टरांकडून समजून घ्या. नव्या उपचारांची पात्रता बहुधा त्यावरच ठरते. स्टेरॉइड, फिजिओथेरपी, हृदयाची आणि श्वसनाची नियमित तपासणी यांचा फायदा पुरेशा पुराव्याने सिद्ध झालेला आहे. कुठल्याही नव्या औषधाची बातमी वाचून स्टेरॉइड स्वतःहून बंद करू नका. ते अचानक थांबवणे धोक्याचे असते.

असा गोंधळ किती वेळा होतो?

अटालुरेन हा काही एकटा अपवाद नाही. एनआयएचमधल्याच शास्त्रज्ञांनी 2008 मध्ये सत्तर हजारांहून अधिक रसायने थेट काजव्याच्या ल्युसिफरेजवर तपासली, तेव्हा त्यातली सुमारे 3 टक्के रसायने त्या विकराला अडवताना दिसली. चाळणीत मुळात हिट मोजकेच निघतात. त्यामुळे त्या मोजक्यांत अशा फसव्यांचे प्रमाण बरेच मोठे असू शकते. लाल द्राक्षांतले रेझव्हेराट्रॉल ज्याच्या गोळ्या ‘तारुण्य टिकवण्यासाठी’ विकल्या जातात, तेही काजव्याचे ल्युसिफरेज थेट रोखते. त्यामुळे ‘रेझव्हेराट्रॉलने अमुक संदेशमार्ग मंदावला’ असे ल्युसिफरेज चाचणीवरून सांगितले असेल, तर मार्ग मंदावला की नुसता दिवा, हे वेगळे तपासावे लागते.

चांगल्या प्रयोगशाळांना हे माहीत असते. म्हणून त्या एकाच पेशीत दोन दिवे लावतात: काजव्याचा दिवा संदेशमार्गाला जोडलेला, आणि रेनिलाचा निळा दिवा कायम चालू असणारा. दोन्ही मंदावले तर बहुधा रसायनाने पेशी मारल्या, काजव्याचाच मंदावला तर पुढे पाहण्यासारखे काही असू शकते. तरीही खात्री होत नाही. दुसऱ्या प्रकारच्या रिपोर्टरने, आणि शक्यतो दिवा न वापरता प्रत्यक्ष प्रथिन मोजून तोच निष्कर्ष आला, तरच गोष्ट पुढे जाते.

हळदीबद्दल वारंवार येणारा प्रश्न

‘हळदीतले कर्क्युमिन एनएफ-कप्पा-बी रोखते, म्हणून कर्करोगावर चालते’ हा संदेश तुमच्यापर्यंत नक्की आला असेल. एनएफ-कप्पा-बी हे दाहाशी संबंधित प्रथिन 1986 मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी शोधले. पेशींवरच्या अनेक प्रयोगांत, ज्यांत ल्युसिफरेज रिपोर्टरही आहेत, कर्क्युमिनने ही कळ मंदावल्याचे दिसले, ही गोष्ट खरी आहे. पण कर्क्युमिन हा अशा चाचण्यांना गोंधळात टाकणारा रेणू म्हणून ओळखला जातो. तो स्वतः रंगीत आहे, प्रकाश शोषतो, अनेक प्रथिनांना चिकटतो आणि द्रावणात पटकन मोडतो. शिवाय हळदीत तो वजनाने सुमारे 3 टक्केच असतो आणि पोटातून रक्तात फारच कमी जातो. प्लेटमधल्या पेशींना जेवढे कर्क्युमिन मिळते, तेवढे जेवणातल्या हळदीने तुमच्या पेशींपर्यंत पोहोचत नाही. 2017 मध्ये औषधरसायनशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात कर्क्युमिनचा सविस्तर आढावा प्रसिद्ध झाला. त्या लेखकांच्या मते तोवर एकही नीट आखलेली, प्लासीबोशी तुलना करणारी चाचणी यशस्वी ठरलेली नव्हती. या मताशी सगळेच संशोधक सहमत नाहीत, पण ‘सिद्ध झाले आहे’ असे म्हणण्यासारखी स्थिती नाही एवढे नक्की.

भाजीत, आमटीत, दुधात हळद घालायला काहीच हरकत नाही. चिंता आहे ती जास्त शोषले जावे म्हणून मिरीतले पिपरीन मिसळून केलेल्या जोरकस कॅप्सूलची. त्यांच्यामुळे यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदले गेले आहेत. केमोथेरपी चालू असताना किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना अशी कॅप्सूल घेत असाल, तर डॉक्टरांना सांगा. ‘आयुर्वेदिकच आहे’ म्हणून लपवू नका. आम्ही रागावत नाही, पण रक्ताचे रिपोर्ट वाचताना आम्हाला ते माहीत असावे लागते.

बातमी आली की काय पाहावे

सर्वात आधी प्रयोग कशावर झाला ते शोधा: पेशींवर, प्राण्यांवर की माणसांवर. बातमीच्या तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात ते बहुतेक वेळा लिहिलेले असते. पेशींवर असेल, तर तुमच्या उपचाराचा निर्णय त्यावर आज बदलत नाही, मग शीर्षक कितीही मोठे असो. माणसांवर असेल, तर किती जणांवर, तुलनेसाठी दुसरा गट होता का, आणि मोजले काय ते विचारा. ‘मार्ग 80 टक्के रोखला’ हे मोजमाप रुग्णाच्या कामाचे नाही. ‘किती जण जास्त जगले, किती जण जास्त चालले, किती जणांचे दुखणे कमी झाले’ हे आहे.

त्यानंतर ती चाचणी भारतात चालू आहे का हे पाहता येते. आपल्याकडे औषध चाचण्यांची नोंदणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत होते आणि ती कुणालाही इंटरनेटवर मोफत पाहता येते. आजाराचे नाव घालून शोधा आणि जे सापडेल ते छापून तुमच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे न्या. चाचणीच्या औषधासाठी रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. कुणी ‘संशोधनातले औषध’ म्हणून लाखो रुपये मागत असेल, तर तिथेच थांबा. संशोधनासाठी म्हणून रसायने विकणाऱ्या संकेतस्थळांवरून पावडर मागवून घेणारे रुग्णही भेटतात. ती पावडर माणसाच्या पोटात जाण्यासाठी बनवलेलीच नसते आणि तिच्या शुद्धतेची जबाबदारी कुणावर नसते.

नेहमी विचारले जाणारे काही प्रश्न

*औषधाबरोबर काजव्याचे जनुक माझ्या शरीरात जाते का?*
नाही. ते फक्त चाचणीच्या पेशींमध्ये असते. पेशी प्लेटमध्येच राहतात आणि शेवटी नष्ट केल्या जातात. गोळीत फक्त रसायन असते.

*करोनाच्या लशीत ल्युसिफरेज होते असे ऐकले, ते खरे का?*
ही अफवा होती. प्रतिपिंडे विषाणूला किती अडवतात हे प्रयोगशाळेत मोजताना ल्युसिफरेज वापरले जाते, त्यावरून हा गैरसमज पसरला. या नावाचाही सैतानाशी संबंध नाही. लॅटिनमध्ये ‘ल्युसिफर’ म्हणजे प्रकाश आणणारा. रफाएल दुब्वा या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे नाव दिले.

*अशी चाचणी रुग्णाच्या निदानासाठी कधी करतात का?*
हो, एक चांगले उदाहरण थायरॉइडचे आहे. ग्रेव्ह्ज आजारात शरीर अशी प्रतिपिंडे बनवते जी थायरॉइडच्या ग्राहकाला चिकटून त्याला सतत चालू ठेवतात. परदेशात एक मान्यताप्राप्त चाचणी आहे, जिच्यात थायरॉइडचा ग्राहक आणि ल्युसिफरेज रिपोर्टर बसवलेल्या पेशींवर रुग्णाच्या रक्तातले सीरम घालतात. पेशी उजळल्या, म्हणजे प्रतिपिंडे नुसती चिकटत नाहीत, तर ग्राहकाला प्रत्यक्ष चेतवतात हे कळते. आपल्याकडे बहुतेक वेळा टीआरएबी ही चिकटण्यावर आधारलेली रक्ततपासणी केली जाते आणि रोजच्या उपचारासाठी ती पुरते. गरोदर स्त्रीला ग्रेव्ह्ज आजार असेल, किंवा पूर्वी होऊन त्यावर शस्त्रक्रिया वा रेडिओआयोडिन उपचार झाला असेल, तर ही प्रतिपिंडे तपासणे विशेष महत्त्वाचे असते. ती वारेतून बाळापर्यंत जाऊ शकतात. म्हणून जुना आजार ‘बरा झाला’ असे वाटत असले, तरी पहिल्याच भेटीत प्रसूतितज्ज्ञांना त्याबद्दल सांगा.

*चांगला हिट सापडल्यापासून औषध दुकानात यायला किती वेळ लागतो?*
साधारणपणे दहा वर्षे किंवा त्याहून जास्त, आणि बहुतेक हिट तिथवर पोहोचतच नाहीत. तोवर चालू उपचार सुरू ठेवा, तपासण्यांच्या तारखा चुकवू नका, आणि पुढच्या भेटीला येताना ती बातमी सोबत आणा. ती कोणत्या टप्प्यावरची आहे, हे दहा मिनिटांत बघता येते.